रस्ता रुंद होतो म्हणजे काय होते?

कोल्हापूर सोडून बेळगावच्या दिशेने निघालेल्या प्रवाशास कागल मागे पडल्यावर दूधगंगा ओलांडावी लागते आणि कोगनोळीच्या नाक्यापाशी राज्य बदलते. पाट्यांवरील लिपी बदलते, एस. टी.च्या गाडीचा रंग बदलतो. दोन्ही अंगांची शेते मात्र तीच राहतात. पुढे यमगर्णीपाशी वेदगंगा, मग निपाणी, त्यानंतर तवंदीचा घाट, संकेश्वरची हिरण्यकेशी, हत्तरगी, काकतीजवळ मार्कंडेय, आणि अखेर बेळगाव. शंभराहून अधिक किलोमीटरांची ही वाट. गेल्या पंचवीस वर्षांत ती दुपदरीची चौपदरी झाली आणि पुढे सहापदरी करण्याचे काम हाती घेण्यात आले. या वाटेवरच्या एका गावात एका वयोवृद्ध शेतकऱ्याने मला विचारले होते, “साहेब, रस्ता रुंदच करायचा ना? मग दोन्ही बाजूंनी मुरूम टाकावा, रूळ फिरवावा, डांबर ओतावे. त्याला एवढी वर्षे आणि एवढे कागद कशाला?” प्रश्न साधा होता आणि रास्तही होता. त्याचे उत्तर मी त्यांना तेव्हा उभ्या उभ्या नीट देऊ शकलो नाही. ते आज सवडीने देण्याचा प्रयत्न करतो.

आरंभी या रस्त्याची थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. हिंदुस्थानातील रस्त्यांचा विचार देशपातळीवर प्रथम केला तो बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीने. तिच्याच शिफारशींतून पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. नाव ऐकून ती राजकीय संस्था वाटते, पण ती स्थापत्यविशारदांची आहे. पूल किती वजनास टिकला पाहिजे, वळण किती घ्यावे, याचे देशभरचे दंडक तीच घालून देते. १९४३ साली नागपुरास मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हामार्ग व ग्राममार्ग अशी उतरंड तिने ठरविली. १९५६ साली राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या १ तारखेस बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. रस्ता मात्र जागचा हलला नाही. त्यास ‘चार नंबरचा हायवे’ म्हणत. १९९९ साली आरंभ झालेल्या सुवर्ण चतुष्कोन योजनेत तो चौपदरी झाला. २०१० साली महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले गेले तेव्हा तो दिल्लीहून चेन्नईस जाणाऱ्या अठ्ठेचाळीस क्रमांकाच्या मार्गाचा भाग बनला. लोकांच्या तोंडी अजून चार नंबरच आहे, आणि तो तसाच राहील असे दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मुरूम टाकून रूळ फिरविणे एवढेच पुरेसे का नाही?

पहिले कारण जमिनीत आहे. निपाणीच्या आसपास काळी जमीन आहे. ही माती तंबाखूस आणि उसास मोठी मानवते, पण रस्त्यास ती सावत्र आई आहे. पावसात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट बांधलेला रस्ता दरवर्षी श्वास घेतल्यासारखा वर-खाली होतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत उसवतो. म्हणून ती माती काढून टाकावी लागते, किंवा चुना मिसळून तिचा स्वभाव बदलावा लागतो, आणि तिच्यावर निवडक मुरमाचा अर्ध्या मीटरचा थर दाबून घालावा लागतो. बेळगावच्या बाजूस आले की जमीन तांबडी होते, काम पुष्कळ सोपे होते. एकाच रस्त्याचा खर्च दोन तालुक्यांत निराळा का येतो, याचे एक उत्तर हे आहे.

दुसरे कारण ओझ्यात आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर मालमोटारी रात्रंदिवस फिरविण्यात आल्या, आणि एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. आसावरील भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ती सुमारे सोळा पट होते. आपल्याकडे २०१८ साली चार चाकांच्या एकेरी आसावरील भाराची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आली. वाढ दिसावयास आठवा हिस्सा, पण वरील हिशेबाने प्रत्येक पूर्ण भरलेला आस रस्त्यास पूर्वीच्या दीडपटीहून अधिक झिजवू लागला. मोटारगाड्यांनी रस्ता खराब होतो असे आपण म्हणतो. वस्तुत: रस्ता खराब करतो तो मालट्रक, मोटारगाडीचा वाटा त्यात नगण्य आहे.

पण माती आणि भार यांचे गणित कागदावर सुटते. खरी परीक्षा पुलापाशी होते.

जुन्या पुलाच्या बाजूस आणखी दोन पदर जोडावेत, असे कोणासही वाटेल. आपण जुन्या घरास नवी पडवी जोडतो तेव्हा काय होते ते आठवा. पहिल्याच वर्षी जुनी भिंत आणि नवी भिंत यांच्या सांध्यावर उभी भेग पडते. गवंड्याने कितीही गिलावा केला तरी ती पुन्हा उघडते. याचे कारण असे की जुने घर जमिनीत बसावयाचे तेवढे केव्हाच बसून गेलेले असते, पडवी अजून बसावयाची असते. पुलाचेही तसेच आहे. शिवाय नवे काँक्रीट वाळताना आखडते, आणि सततच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षे हळूहळू दबत राहते. जुन्या काँक्रीटचे हे सर्व भोगून झालेले असते. दोहोंची घट्ट गाठ बांधली तर नवे जुन्यास ओढू लागते. म्हणून बहुधा जुन्याशेजारी स्वतंत्र नवा पूल उभारतात आणि दोहोंमध्ये फट ठेवतात. जोडणे अगदीच अटळ असेल तर नवा भाग आधी उभा करून काही काळ थांबतात, त्यास बसू देतात, आणि मग मधली अरुंद पट्टी ओततात. कामगार दिसत नाहीत, काम रखडले, अशी ओरड होते, त्यांतील काही वेळ तरी या थांबण्याचाच असतो. सगळाच नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

शेजारी नवा पूल उभारणे हेही वाटते तितके सरळ नाही. नव्या खांबांची ओळ प्रवाहाच्या दिशेत जुन्या खांबांच्या ओळीतच यावी लागते. ती चुकली तर जुन्या खांबांमधून मोकळे निघालेले पाणी नव्या खांबांवर आदळते, भोवरे उठतात आणि दोन्ही पायांखालची वाळू उकरली जाते. नव्या पायासाठी खड्डा खोल खणताना जुन्या पायाखालची माती निसटणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते. कारण त्या जुन्या पुलावरून वाहतूक चालूच असते.

नव्या पुलांच्या लांबलचक तुळया आपण रस्त्याच्या कडेस ओतून ठेवलेल्या पाहिल्या असतील. पंचवीस-तीस मीटर लांबीची तुळई दोन टोकांवर टेकून मध्ये मोडत कशी नाही, याचे रहस्य आपल्या बैलगाडीच्या चाकात आहे. सुतार-लोहार चाकावर धाव चढवितात ती कशी? लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करतात, ती प्रसरण पावते, मग चाकावर बसवून वर पाणी ओततात. धाव आक्रसते आणि साऱ्या लाकडी पाटांना एकमेकांवर असे काही आवळते की खडकाळ वाटेनेही चाक उकलत नाही. काँक्रीट दाबास मोठे बळकट, पण ओढीस दुबळे. त्यातून ताणलेल्या पोलादी तारा घालून त्यास आधीच आवळून ठेवले, तर भाराने येणारी ओढ त्या दाबातच विरून जाते. फ्रेसिने या फ्रेंच अभियंत्याने १९२८ साली या पद्धतीचे पेटंट घेतले. आपल्या लोहारांना ती कल्पना त्यापूर्वी कितीतरी पिढ्या हातात होती. त्यांना पेटंट घेण्याचे सुचले नाही इतकेच.

असो. आता या साऱ्या वाटेवरील सर्वांत अवघड विषयाकडे येतो. तो म्हणजे पाणी.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. सह्याद्रीवरून निघालेल्या आपल्या नद्या पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. हा महामार्ग मात्र उत्तरेकडून दक्षिणेस जातो. म्हणजे कऱ्हाडची कोयना, त्यापुढे वारणा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय, यांतील एकही नदी त्यास चुकवून जाऊ शकत नाही. प्रत्येक नदीच्या खोऱ्यात हा रस्ता आडवा पडलेला आहे. बांध घालावयाचा असता तर आणखी कोठे घातला असता?

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला तेव्हा शिरोलीजवळ पंचगंगेचे आणि यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी या महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच घडले. मालमोटारींच्या रांगा लागल्या, दूध नासले, भाजीपाला सडला, रुग्णांना पैलतीर गाठता येईना. देशाच्या एका टोकास दुसऱ्या टोकाशी जोडणारा रस्ता वेदगंगेसारख्या लहानशा नदीने तोडून टाकला. लोकांनी साहजिकच मागणी केली, की रस्ता उंच करा.

रस्ता उंच करावयाचा म्हणजे काय? दंडक असा की महापुराच्या सर्वोच्च पातळीपासून रस्त्याच्या मुरमी थराचा तळ निदान ६० सेंटिमीटर वर असावा. तेवढा भराव टाकला की रस्ता कोरडा राहील, यात शंका नाही. पण पाण्याचे काय? नदी पावसाळ्यात दोन काठांत मावत नाही; ती दोन्ही अंगांच्या शेतांवर पसरून वाहते. तो तिचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वहिवाटीचा रस्ता आहे. खोऱ्यात आडवा उंच भराव घातला आणि मध्ये तेवढा पुलाचा दरवाजा ठेवला, तर पसरून वाहणाऱ्या पाण्यास त्या एका दरवाजातून शिरावे लागते. मग वरच्या अंगास पाणी तुंबते आणि त्याची पातळी चढते. रस्ता बुटका होता तेव्हा पाणी त्याच्यावरून निघून जात होते. रस्ता बंद पडत होता, पण वरच्या गावांचा भार हलका होत होता. रस्ता उंच झाला की वाहने सुखाने धावतील, पण ते न वाहिलेले पाणी कोणाच्या तरी घराच्या उंबऱ्यावर उभे राहील. त्यात खाली कृष्णाच फुगलेली असली तर या उपनद्यांचे पाणी पुढे सरकत नाही, मागे लोटते, आणि तुंबलेले पाणी दिवसेंदिवस उतरत नाही. ऊस आठ-दहा दिवस बुडून राहिला, शेंड्यात चिखल गेला, की तो हातचा गेला.

म्हणूनच कागलपासून निपाणीपर्यंतच्या पट्ट्यात ‘भराव नको, खांबांचा पूल हवा’ ही मागणी वारंवार ऐकू येते. तिला कोणी हट्ट म्हणतात. स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने ती हट्ट नाही. खांबांवर उभा असलेला रस्ता पाण्यास जवळजवळ अडवीत नाही. अडचण खर्चाची आहे. मातीचा भराव जवळच्या टेकडीवरून आणता येतो. खांबांचा पूल मीटरमागे त्याच्या कितीतरी पट महाग पडतो. मधला उपाय असा की मुख्य पुलाचे तोंड वाढवावे आणि भरावात ठिकठिकाणी मोठ्या पूरमोऱ्या ठेवाव्यात. मोरी म्हणजे नाल्यावरची नव्हे, कोरड्या शेतातली. उन्हाळ्यात पाहणाऱ्यास ती निरर्थक वाटते. तिचा अर्थ दहा वर्षांतून दोन दिवस कळतो.

दरवाजा अरुंद ठेवला तर आणखी एक धोका आहे. तोंड निम्म्याने आवळले की पाण्याचा वेग दुप्पट होतो. आणि वेग दुप्पट झालेले पाणी पूर्वीच्या चौसष्ट पट वजनाचा दगड लोटू शकते, असा निसर्गाचा नियम आहे. असे पाणी खांबाभोवतीची वाळू उकरते, पाया उघडा पाडते. वरून पूल धडधाकट दिसत असतो आणि खाली आधार गेलेला असतो. कोकणात महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या, ते आपण विसरलेलो नाही. त्या जागी नवा पूल पुढे १६५ दिवसांत उभा राहिला. काम लवकर होऊ शकते, याचा तो दाखला आहे. पण ते किती आणि कोणत्या किमतीनंतर झाले, याचाही आहे. आज पुलाचा पाया घालताना प्रथम पाणी किती खोल उकरेल याचे गणित करतात, आणि पाया त्याहून पुष्कळ खाली, शक्य तर खडकापर्यंत नेतात.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ गृहीत धरून पूल बांधतात, असे आपण वाचतो. या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. याचा अर्थ एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असा नव्हे. तसा पूर यावयाची शक्यता प्रत्येक वर्षी शंभरात एक असते. आणि त्या हिशेबाने शंभर वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात त्रेसष्ट निघते. लागोपाठ दोन वर्षांतही तो येऊ शकतो. २०१९ आणि २०२१ या दोन पुरांनी आपल्याला हे गणित पुस्तकाबाहेर शिकविले आहे.

भरावाविषयी एक शेवटची गोष्ट. गावाजवळ जागा कमी असली की उतरता भराव न घालता उभ्या काँक्रीटच्या फरशांची भिंत दिसते. ती भिंत मातीस थोपवून धरीत नाही. मातीत थरांमागून थर पट्ट्या पुरलेल्या असतात, आणि मातीच स्वतःच्या वजनाने त्या पट्ट्यांस धरून ठेवते. हीही एका फ्रेंच अभियंत्याची, आंरी विदालची, १९६० नंतरच्या दशकातील कल्पना. युक्ती नामी आहे. पण पुराचे पाणी अशा भरावात शिरले आणि बाहेरचे पाणी झपाट्याने ओसरले, तर आतले पाणी फरशांच्या फटींतून माती घेऊन बाहेर पडू लागते. म्हणून आत खडीचा गाळणथर असावा लागतो. तो भिंत उभी राहिल्यावर कोणास दिसत नाही. न दिसणाऱ्या कामावर देखरेख अधिक हवी, हे आमच्या धंद्यातले जुने दुखणे आहे.

आता चौकांविषयी. चार रस्ते एका पातळीवर भेटतात तेथे वाहनांच्या वाटा एकमेकींस छेदण्याच्या, मिळण्याच्या आणि फुटण्याच्या अशा बत्तीस जागा निघतात. तीन रस्त्यांच्या तिठ्यावर त्या नऊच असतात. एका रस्त्यास दुसऱ्याच्या खालून किंवा वरून नेले की समोरासमोर छेदण्याच्या जागा महामार्गावरून नाहीशाच होतात. उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग यांचे सारे प्रयोजन एवढेच आहे.

पण आपल्या भागाचा प्रश्न निराळा आहे, आणि तो उसाचा आहे. निपाणीस हालसिद्धनाथ, संकेश्वरास हिरण्यकेशी, काकतीस मार्कंडेय, असे सहकारी साखर कारखाने या महामार्गाच्या आगेमागे आहेत. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्ता ओलांडू लागतात. दुभाजकाच्या फटीतून असा ट्रॅक्टर निघाला, की स्वतःची लांबी आणि तीन पदर मिळून पंचवीस-तीस मीटर सरकावयास त्यास अठरा-वीस सेकंद तरी लागतात. त्या अवधीत ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार अर्धा किलोमीटर पुढे येते. तिच्या चालकास अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरले, तर त्यातच सुमारे ७० मीटर जातात, आणि गाडी थांबेपर्यंत एकूण १८० मीटर. रात्रीची वेळ, ट्रॉलीस मागे दिवा नाही, वर उसाची मोळी बाहेर लोंबते आहे. अपघात झाला म्हणजे आपण चालकास दोष देतो. पुष्कळदा तो अपघात आराखड्याच्या कागदावरच ठरलेला असतो.

तेव्हा भुयारी मार्ग हवेत, आणि पुरेशा उंचीचे हवेत. मोठ्या वाहनांसाठी साडेपाच मीटर उंचीचा भुयारी मार्ग लागतो. खर्च वाचविण्यासाठी कोठे कोठे चार मीटरांचा, पादचाऱ्यांसाठी व गुरांसाठी त्याहून ठेंगणा मार्ग देतात. कागदावर गाव ‘जोडलेले’ दिसते. पण उसाने शिगोशिग भरलेली ट्रॉली ठेंगण्या मार्गात शिरत नाही, मग शेतकरी सेवारस्त्याने उलट दिशेने दोन-तीन किलोमीटर जातो. तेही न परवडले तर एखाद्या रात्री दुभाजकच फोडला जातो. दुभाजक फोडणे गैर आहेच. परंतु तो कोठे कोठे फोडला गेला, याची नोंद आराखडा करणाऱ्याने घ्यावी. गावाची खरी वाट कोठून जाते, हे त्याहून स्पष्ट दुसरे कोणी सांगणार नाही. भुयारी मार्गाचा तळ शेजारच्या ओढ्याहून खाली ठेवला तर पावसाळ्यात तेथे तळे होते, हेही जाता जाता सांगतो.

तवंदीच्या घाटाविषयी थोडक्यात. त्याचे नाव अपघातांच्या बातम्यांत नेहमी येते. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढवावी लागते. ताशी ६० किलोमीटरांस सुमारे १३० मीटर त्रिज्या पुरते. १०० किलोमीटरांस ३६० मीटर लागते. रस्ता रुंद झाला की चालकास वेग वाढवावासा वाटतो, वळण मात्र जुन्याच वेगाचे राहिले तर रुंदीच घातक ठरते. घाटात केवळ पदर वाढवून भागत नाही. वळणेच सरळ करावी लागतात, म्हणजे डोंगर कापावा लागतो. आणि भरलेला ट्रक उतारावर सतत ब्रेक दाबीत आला की ब्रेक तापून निकामी होतात. त्यावर खालच्या गिअरमध्ये उतरणे हाच खरा उपाय आहे, आणि तो आराखड्यात काढता येत नाही.

बेळगावपाशी आले की प्रश्न पाण्याचा राहत नाही, जमिनीचा होतो. हलग्यापासून मच्छेपर्यंत वळणरस्ता काढून पुणे-बंगळूर महामार्ग गोव्याच्या रस्त्यास जोडावयाचा, असे ठरले. शहरातील गर्दी टळावी हा हेतू चुकीचा नाही. पण मध्ये येते ती वडगाव, शहापूर, येळ्ळूर भागातील भाताची पिकाऊ जमीन, आणि शेतकऱ्यांनी त्यास वर्षानुवर्षे विरोध केला, न्यायालयाची दारे ठोठावली. येथे चौकाच्या शास्त्रातील एक आकडा सांगण्यासारखा आहे. दोन मोठे रस्ते न थांबता एकमेकांस मिळावेत म्हणून चौपाकळी आकाराचा चौक करतात. असा पहिला चौक अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात १९२९ साली खुला झाला. त्यातील एकेक पाकळी ताशी ४० किलोमीटर वेगाची धरली तरी तिची त्रिज्या सुमारे ५७ मीटर होते, आणि तिच्या पोटात अडीच एकर जमीन अडकते. तेथे पीक घेता येत नाही, जाता येत नाही. अशा चार पाकळ्या म्हणजे दहा एकर, नुसत्या पोटातल्या. जेथे रस्ता येऊन नुसता मिळतो, पलीकडे जात नाही, तेथे तुतारीच्या आकाराचा चौक पुरतो व त्यात एकच पाकळी लागते. ज्या भागात कुटुंबाची सारी मालमत्ता एक-दोन एकर आहे, तेथे पाकळ्या किती आणि त्या कोणत्या बाजूस, हा प्रश्न केवळ भूमितीचा उरत नाही. भरपाईचा धनादेश मिळतो. पण अर्धी जमीन रस्त्याच्या अलीकडे व विहीर पलीकडे राहिली, तर त्या विहिरीची किंमत कोणत्या कोष्टकात मांडावी, हे आम्हांस आमच्या महाविद्यालयात शिकविलेले नव्हते.

वाटेवरच्या त्या वृद्ध शेतकऱ्यास मी हे सारे सांगू शकलो असतो तर बरे झाले असते. त्या दिवशी त्यांनी मात्र मला एक गोष्ट दाखविली. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी २०१९ च्या पुराची रेघ तांबड्या रंगाने ओढून ठेवली होती, आणि तिच्याहून खाली, पुसट झालेली, त्यांच्या वडिलांच्या वेळची दुसरी रेघ होती. पुलाचे गणित करावयास निघालेला अभियंता अशाच रेघा शोधीत गावोगाव हिंडतो. नदीवरच्या मापनकेंद्राची नोंदवही जेथे नसते तेथे त्याला दुसरा आधार नसतो. रस्त्याची आखणी करणारी मंडळी मोजणीच्या दुर्बिणी घेऊन आपल्या गावी आली, तर त्यांना चहा पाजण्यापूर्वी ती रेघ दाखवावी. आणि भिंतीस नवा रंग देण्याचे ठरले, तर रंगाऱ्यास बजावून ठेवावे की रेघ तेवढी सोडून दे.